झाकली मूठ, वर कार्बनची पट्टी

पुलाच्या गर्डरला तडे गेलेत? मग वेळ घालवू नका. कार्बन फायबरच्या पट्ट्या मागवा, इपॉक्सी नावाच्या गोंदाने चिकटवा आणि मोकळे व्हा. ‘कार्बन गंजत नाही’ हे वाक्य पाठ केलंत की बैठकीत फारसं कुणी विचारत नाही. चुकून कुणी म्हणालंच, की बाबा रे, पट्टी गंजत नाही, पण आतली सळई गंजतेय त्याचं काय, तर त्याला पुढच्या बैठकीला बोलावू नका.

दाखला मागतील. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नचा इबाख पूल सांगा. १९९१ साली तिथे १७५ किलो पोलादाऐवजी अवघ्या ६.२ किलो पट्ट्यांनी भागलं. आकडा खणखणीत आहे, आणि खराही. फक्त तिथलं दुखणं गंजाचं नव्हतं, सिग्नलसाठी भोकं पाडताना प्रीस्ट्रेसिंगच्या, म्हणजे काँक्रीटला ताणून आवळून धरणाऱ्या केबलच्या तारा तुटल्या होत्या, तेवढं गाळा.

काँक्रीटमध्ये मुरलेलं, सळईला गंजवणारं क्लोराइड काढत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. तुम्ही त्याच्यावरच कार्बनच्या कापडाचा रॅप गुंडाळा. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, तो काँक्रीट आतून फोडतो, हे खरं. पण पूर्वी तड्यांतून तांबूस ओघळ यायचे आणि चुगली करायचे. आता वर कसा छान गुळगुळीत रंग!

इपॉक्सीची काळजी तर मुळीच नको. साइटवरच घट्ट होऊ दिलेलं इपॉक्सी साधारण साठ ते ऐंशी अंशांना मऊ पडू लागतं, ओल मुरली तर त्याआधीच. म्हणून डेकच्या, म्हणजे पुलाच्या रस्त्याखालच्या स्लॅबच्या, वरच्या अंगाला पट्ट्या लावल्या असतील, तर त्यावर दीडशे अंशांचं डांबर निर्धास्त पसरा.

अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची मार्गदर्शिका उघड्यावरच्या कार्बनची ताकद ०.८५ ने आणि काचेच्या तंतूंची ०.६५ ने गुणायला सांगते. भित्रे लोक! प्रयोगशाळेत नमुने काही हजार तास गरम पाण्यात बुडवून पन्नास वर्षांचं भविष्य काढलेलं आहेच की. त्या टबावरून ट्रक जात नाहीत, पण तुम्हाला तरी कुठे पन्नास वर्षं त्या खुर्चीत बसायचंय?

हातोडी मात्र कुलपात ठेवा. पट्टीवर टकटक केली की सुटलेली जागा पोकळ बोलते. एवढं करूनही कुणी ठोकलंच आणि ती बोललीच, तर दुसरी पट्टी आणा. पहिलीवरच चिकटवा.