उन्हात ठेवून फंगस जात नाही: जुन्या ७०-२०० बद्दलच्या त्या मेसेजला उत्तर

जुनी ७०-२०० एफ २.८ लेन्स (७० ते २०० मिमीची झूम; एफचा आकडा जितका लहान तितकं उजेडाचं भोक मोठं) घेताना काय बघायचं, असा एक मेसेज मुंबईतल्या फोटोग्राफीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. तो माझ्या भाच्याकडे पोचला, त्याने तो प्रमाण मानला, एक चांगली लेन्स नाकारली आणि फंगस लागलेली एक जवळपास ठरवली. म्हणून हे लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: आत धूळ दिसली तर लेन्स घेऊ नका, एफ २२ वर आकाशाचा फोटो काढून डाग मोजा. फंगस, म्हणजे बुरशी, असेल तर घाबरू नका, दोन दिवस उन्हात आणि मग तांदळाच्या डब्यात ठेवली की जाते. रंग उडालेली लेन्स लग्नाचे फोटो काढणाऱ्याची असते, ती टाळा. सिरीयल नंबरवरून लेन्सने किती फोटो काढले ते कळतं. हलवल्यावर खडखडली तर स्टॅबिलायझर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा) गेला समजा.

जिथे घाबरायला हवं तिथे हा मेसेज धीर देतो आणि जिथे फारसं काही बिघडत नाही तिथे घाबरवतो. त्यातला फंगसचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे, म्हणून आधी तोच.

लेन्समधली बुरशी हा पुसून टाकायचा मळ नाही. ती काचेच्या कोटिंगवर, म्हणजे वरच्या पातळ थरावर, वाढते, वाढताना आम्ल सोडते, आणि ते आम्ल आधी कोटिंग आणि मग काच खातं. उन्हाने बुरशी मेली असं धरून चाललं तरी मेलेले धागे जागच्या जागी राहतात आणि खाल्लेलं कोटिंग परत येत नाही. मुळात ती नीट मरतही नाही. अतिनील किरणांचा जो भाग बुरशीवर खरा परिणाम करतो तो काचच अडवते, आणि ७०-२०० मध्ये वीसच्या आसपास काचा एकामागे एक असतात. आतपर्यंत पोचते ती उष्णता. तिने फोकस आणि झूमच्या यंत्रणेतलं ग्रीस पातळ होतं आणि अ‍ॅपर्चरच्या (उजेडाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या) पात्यांवर येऊ शकतं. तेलकट पाती वेळेवर मिटत नाहीत, मग एफ २.८ ला फोटो बरोबर आणि एफ ८ ला पांढरा फटक, अशी नवी तक्रार सुरू होते.

आगीचा धोका वेगळाच. २०० मिमी, एफ २.८ म्हणजे सुमारे ७१ मिमी रुंदीचं तोंड. तेवढं सगळं ऊन ही लेन्स जेमतेम २ मिमीच्या ठिपक्यात गोळा करते. झाकणं काढून खिडकीत ठेवलेल्या लेन्समागे पडदा किंवा कागद असेल तर तो पेटू शकतो, आणि लेन्स कॅमेऱ्याला लावलेली असेल तर शटरच्या पडद्याला भोक पडू शकतं. कृपा करून हा प्रयोग करू नका.

तांदळाबद्दल एवढंच सांगतो की तो हवा म्हणावी तशी कोरडी करत नाही, वर पिठासारखी बारीक भुकटी सोडतो. ती भुकटी बुरशीचं खाद्य आहे.

साफ करून घेता येत नाही का? पुढच्या किंवा अगदी मागच्या काचेवरची कोवळी बुरशी चांगला कारागीर काढतो. पण कॅननच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २०१० च्या आयएस टूमध्ये (आयएस हे कॅननच्या स्टॅबिलायझरचं नाव), १९ गटांत २३ काचा आहेत. मधल्या गटापर्यंत जायचं तर अर्धी लेन्स सोडवावी लागते, आणि परत बसवताना एखादा गट केसभर सरकला की फोटोची एक बाजू कायमची मऊ, म्हणजे धूसर, येते. दोन काचांच्या चिकटवलेल्या जोडात बुरशी शिरली असेल तर विषयच संपला. कडेला एखादा ठिपका आहे, कारागिराने लेन्स प्रत्यक्ष बघून खर्च सांगितलाय आणि किंमत तेवढी उतरलीय, तरच विचार करा.

तपासायला पाच मिनिटं लागतात. दोन्ही झाकणं काढा. कॅनन ईएफ मालिकेच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याबाहेर उघडंच असतं. निकॉनच्या ‘जी’ प्रकारच्या लेन्सचं मिटलेलं असतं, माउंटजवळची (कॅमेऱ्याला जोडायच्या कड्याजवळची) बारीक दांडी बोटाने सरकवून ते उघडा. मागून टॉर्च लावा आणि पुढून तिरकं बघा, सरळ नको. मग उलट करा. ७० वर बघा, २०० वरही बघा, कारण झूम केल्यावर आतले गट सरकतात आणि लपलेला भाग दिसतो. कडेकडून आत येणारे फांद्यांसारखे धागे म्हणजे बुरशी. सुटे ठिपके म्हणजे धूळ. सगळीकडे सारखा दुधट पडदा म्हणजे हेझ. कडेला इंद्रधनुषी चंद्रकोर दिसली तर चिकटवलेला जोड सुटतोय. विक्रेता टॉर्च लावू देत नसेल तर तिथून निघा, मग तो फोर्टातला दुकानदार असो की ऑनलाइन सापडलेला डोंबिवलीचा.

आता रंग उडालेल्या लेन्सचं. झाइस या जर्मन कंपनीने बुरशी कधी वाढते ते स्पष्ट सांगितलंय: किमान ७० टक्के सापेक्ष आर्द्रता तीन दिवसांहून जास्त, अंधार, हवा न खेळणं, १० ते ३५ अंश तापमान आणि खायला धागे, चिकटपणा, धूळ. पावसाळ्यातलं मुंबईचं कपाट डोळ्यांसमोर आणा, यातलं काहीही कमी नाही. म्हणजे ओरखडा नसलेली, मऊ केसमध्ये घालून चार पावसाळे कपाटात पडलेली लेन्स जास्त संशयास्पद. लग्नाच्या हंगामात रोज बाहेर पडणारी, उजेड-वारा लागणारी लेन्स आतून बरेचदा स्वच्छ निघते. तिच्यात झीज बघायची ती वेगळी: झूमची रिंग मध्येच अडते का, माउंट हलतो का, ट्रायपॉड कॉलर (लेन्स ट्रायपॉडला लावायचं कडं) ढिली आहे का, ७७ मिमीचं फिल्टरचं तोंड कुठे चेपलंय का. चेपलेलं तोंड म्हणजे लेन्स पडलेली किंवा आपटलेली आहे.

धुळीबाबत अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. फार धूळ असेल तर उजेडासमोर कॉन्ट्रास्ट थोडा उतरतो. पण दहा-वीस कण कोणत्याही वापरलेल्या झूममध्ये असतातच आणि फोटोत दिसत नाहीत. एफ २२ वरच्या आकाशात जे डाग दिसतात ते तुमच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या धुळीचे. लेन्सची धूळ सेन्सरपासून इतकी लांब असते की तिची रेखीव सावली पडतच नाही. म्हणजे स्वतःच्या कॅमेऱ्याच्या दोषासाठी दुसऱ्याची लेन्स नाकारली जातेय.

सिरीयल नंबरचा मुद्दा निव्वळ चूक. शटर कॅमेऱ्यात असतं, या लेन्समध्ये नाही, मग मोजणार काय? कॅननच्या जुन्या लेन्सच्या माउंटवर बनवल्याच्या तारखेचा कोड असतो (त्यात दुसरं अक्षर वर्षाचं, झेड म्हणजे २०११), तेवढंच. खडखडीचंही तसंच: व्हीआर (निकॉनचा स्टॅबिलायझर) चालू असताना कॅमेरा बंद केला तर लेन्स हलवल्यावर वाजू शकते आणि तो बिघाड नाही, असं निकॉन माहितीपुस्तिकेतच सांगते. स्टॅबिलायझर तपासायचा तर २०० मिमीला १/२५ सेकंदावर, बटण चालू आणि बंद ठेवून पाच-पाच फोटो काढा आणि मोठे करून बघा.

मेसेजने ज्याचं नावही घेतलं नाही ती तपासणी ही: कॅमेरा ट्रायपॉडवर, एफ २.८, स्टॅबिलायझर बंद. समोरच्या इमारतीतली एकच खिडकीची जाळी आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणा, दर वेळी लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून) नव्याने फोकस करा. ७०, १३५ आणि २०० ला हेच. एक कोपरा दरवेळी मऊ आला तर आतला गट तिरका बसलाय. मग जवळून लांब आणि लांबून जवळ असा फोकस सलग वीसेक वेळा पळवा. मोटार चिरकली किंवा मध्येच थबकली तर पैसे देण्याआधी मॉडेलचं नाव सांगून सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि त्या मोटारीचा पार्ट अजून मिळतो का ते विचारा. कॅननची पहिली ७०-२०० एफ २.८ आयएस २००१ ची आहे. इतक्या जुन्या लेन्सची मोटार गेली आणि पार्ट मिळाला नाही, तर हातात उरते ती दीड किलोची मॅन्युअल फोकस लेन्स.