झालंच असतं कधीतरी. पण कधी?

भाचीला वादविवाद स्पर्धेसाठी विषय मिळाला: मानवी इतिहासावर सर्वांत जास्त परिणाम करणारी घटना कोणती? घरात बिनकामाचं वाचन करणारा मी एकटाच, त्यामुळे फोन मला आला. "मामा, एकच घटना सांग. तारखेसकट. आणि शेतीचा शोध, चाकाचा शोध असलं काही नको. बाकीचे सगळे तेच बोलणार आहेत."

खरं सांगतो, माझ्या ओठावर शेतीच आली होती. गिळली. पोरीचं म्हणणं बरोबरच होतं म्हणा. शेती पश्चिम आशियात सुरू झाली, चीनमध्ये वेगळी, मेक्सिकोत वेगळी, न्यू गिनीच्या डोंगरांत वेगळी. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी हजारो वर्षांच्या अंतराने तेच केलं. याला घटना कसं म्हणायचं? हिमयुग ओसरल्यावर माणूस त्या वाटेला लागणारच होता. छपाईचं श्रेय आपण गुटेनबर्गला देऊन मोकळे होतो, पण कोरियात धातूच्या खिळ्यांनी छापलेलं १३७७ सालचं पुस्तक आजही जपून ठेवलेलं आहे. टेलिफोनसाठी बेल आणि ग्रे या दोघांचे कागद पेटंट कचेरीत एकाच दिवशी पोचले, १४ फेब्रुवारी १८७६ ला. डार्विन तर वीस वर्षं आपला सिद्धांत उराशी धरून बसला होता. १८५८ मध्ये वॉलेसकडून टपालाने तोच सिद्धांत आला, तेव्हा कुठे त्याची धावपळ सुरू झाली.

हे सगळं भाचीला ऐकवलं आणि मग मी माझं ठेवणीतलं उत्तर काढलं. २ जुलै १९०९, जर्मनीतलं कार्ल्सरूह, फ्रिट्झ हाबरची प्रयोगशाळा.

"हे काय असतं?"

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण मग थांबवणारं कुणी नसतं.

आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. पिकाला नायट्रोजन लागतो, आपल्या स्नायूंना लागतो, पण हवेतला तो कुणाच्या कामाचा नाही. त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ते सोडवायला वीज तरी पडावी लागते, नाहीतर कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तरी लागतात. त्यामुळे हजारो वर्षं शेतीला एक छत होतं. शेणखत, कडधान्यांची फेरपालट, पडीक जमीन, जे काय असेल ते त्या छताखालीच. एकोणिसाव्या शतकात युरोप पेरूच्या किनाऱ्यावरच्या बेटांवरून पक्ष्यांची विष्ठा जहाजांनी भरभरून आणत होता. ती संपत आली तसा चिलीच्या बाजूच्या वाळवंटातला सोरा, म्हणजे नायट्रोजन असलेलं खनिज मीठ, आणायला लागला. त्या सोऱ्याच्या पट्ट्यापायी १८७९ मध्ये चिलीचं पेरू आणि बोलिव्हियाशी युद्ध पेटलं. बोलिव्हियाने त्यात आपला समुद्रकिनारा गमावला तो आजतागायत. १८९८ मध्ये विल्यम क्रूक्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने भर सभेत इशारा दिला की हा सोराही एक दिवस संपेल, गहू खाणाऱ्या देशांवर उपासमारीची पाळी येईल, आणि वाचवायचं असेल तर ते रसायनशास्त्रालाच जमेल.

तर १९०९ चा तो दिवस. हाबरने हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन प्रचंड दाबाखाली, पाच-सहाशे अंश तापमानात, ऑस्मियम या दुर्मिळ धातूवरून फिरवायचं यंत्र उभं केलं होतं. ते बघायला बीएएसएफ या रसायन कंपनीची माणसं आली. आणि ऐन वेळी दाब वाढवताना एक बोल्ट निसटला. (जिथे म्हणून माणसं बघायला बोलवावीत तिथे हे व्हायचंच.) दुरुस्तीत कित्येक तास गेले. कंपनीतर्फे आलेला कार्ल बॉश थांबू शकला नाही, निघून गेला. मागे राहिलेल्या आल्विन मिटाशला मात्र अखेर दिसलं: काचेच्या नळीत अमोनिया, म्हणजे नायट्रोजन आणि हायड्रोजन जोडून होणारा, ज्यापासून खत करता येतं तो पदार्थ, थेंबाथेंबाने जमत होता. चमचाभर द्रव, पण हवेतून काढलेला.

निघून गेलेल्या त्याच बॉशने पुढे या खेळण्याचा कारखाना केला, आणि माझ्या मते अर्धं श्रेय त्याचं आहे. हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बन खाऊन टाकायचा आणि नळकांडी फुटायची. बॉशने आत मऊ लोखंडाचं अस्तर घातलं आणि बाहेरच्या पोलादाला बारीक भोकं पाडली, म्हणजे आतून झिरपलेला हायड्रोजन पोलादाला न छळता निघून जाईल. मिटाशने हजारो मिश्रणं तपासून महागड्या ऑस्मियमऐवजी साधं लोखंडच, थोडी भर घालून, कामाला लावलं. सप्टेंबर १९१३ मध्ये जर्मनीतल्याच ओपाउला कारखाना सुरू झाला. १९०० साली जगात सुमारे १६५ कोटी माणसं होती, २०२२ च्या नोव्हेंबरात ८०० कोटी झाली. आजच्या माणसाच्या शरीरातल्या नायट्रोजनपैकी साधारण निम्मा या प्रक्रियेतून आलेला आहे असा अंदाज आहे. दंडावर हात ठेवून बघा. त्यातलं अर्धं ओपाउचं.

मी एवढं सगळं सांगून विजयी मुद्रेने थांबलो. पलीकडून शांतपणे आवाज आला, "पण मामा, हाबरने नसतं केलं तर दुसऱ्याने केलंच असतं ना? टेलिफोनचं मघाशी तूच म्हणालास."

आता काय बोलणार? माझीच फूटपट्टी माझ्याच डोक्यात. आणि गोष्ट खरी आहे. वाल्थर नेर्न्स्ट नावाचा तोलामोलाचा शास्त्रज्ञ त्याच प्रश्नाच्या मागे होता. नॉर्वेत विजेच्या ठिणगीने हवेतून नायट्रोजन पकडायचा वेगळाच उद्योग चालू झालेला होता. हाबर त्या वर्षी सर्दीने अंथरुणाला खिळला असता तरी दहा-पंधरा वर्षांत कुणीतरी तिथे पोचलंच असतं. "बघतो, सांगतो" म्हणून मी फोन ठेवला.

दोन दिवस हा प्रश्न डोक्यातून जाईना. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, या जातीच्या गप्पांचा मला एरवी कंटाळा आहे. पण 'दुसऱ्याने केलंच असतं' हे वाक्य मला आता लबाड वाटायला लागलं आहे. त्यात 'कधी' हा शब्द गाळलेला असतो, आणि सगळी मेख त्या शब्दात आहे.

ओपाउचा कारखाना १९१३ च्या सप्टेंबरात सुरू झाला म्हटलं ना? अकरा महिन्यांनी पहिलं महायुद्ध सुरू झालं. सोरा जसा खताला लागतो तसाच दारूगोळ्यालाही लागतो, आणि चिलीहून येणारा सोरा ब्रिटिश आरमाराने अडवला. जर्मनीचा साठा लवकरच आटला असता. मग बॉशने अमोनियापासून नायट्रिक आम्ल करायची व्यवस्था उभी केली आणि १९१५ पासून खताचा कारखाना तोफांना खाऊ घालू लागला. ही प्रक्रिया १९०९ ऐवजी १९१९ मध्ये सापडली असती तर आपली पोटं आज तशीच भरली असती. पण ते युद्ध १९१८ पर्यंत जर्मनीला ओढता आलं असतं का? मला नाही वाटत. आणि १९१८ पर्यंत ते ओढलं नसतं तर १९१७ ची रशियातली क्रांती तशीच झाली असती का, इथपासून पुढचं सगळं विसावं शतक शंकास्पद होतं. दहा वर्षांचा फरक, बस.

हाबरबद्दल आणखी एक सांगतो, कारण ते वगळून त्याचं कौतुक करणं मला जमत नाही. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्र इथे क्लोरीन वायूचा पहिला मोठा हल्ला झाला, तो त्याच्या देखरेखीखाली. दहा दिवसांनी त्याची बायको क्लारा, स्वतः रसायनशास्त्रातली डॉक्टरेट, हिने त्याच्याच पिस्तुलाने स्वतःला गोळी घातली. १९१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल हाबरला मिळालं.

पहिलं महायुद्ध ज्या खुनाने पेटलं त्या सारायेव्होचंही असंच बघा. २८ जून १९१४, आर्चड्यूकच्या, म्हणजे ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या, ड्रायव्हरला बदललेला रस्ता कुणी सांगितलाच नाही, त्याने चुकीचं वळण घेतलं आणि गाडी नेमकी मारेकरी गाव्रिलो प्रिन्सिपच्या पुढ्यात थांबली. (प्रिन्सिप तिथे सँडविच खात उभा होता ही गोष्ट बनावट आहे, ती आता तरी फॉरवर्ड करू नका.) युद्ध कधी ना कधी पेटलंच असतं, असं म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही. पण रशियाचा शस्त्रसज्जतेचा मोठा कार्यक्रम १९१७ पर्यंत पुरा व्हायचा होता आणि जर्मन सेनापतींना हे पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षांनी पेटलेलं युद्ध त्याच नावाचं वेगळंच युद्ध झालं असतं, किंवा जर्मनीने कदाचित धाडसच केलं नसतं.

पण 'कधी'चं सगळ्यात अंगावर येणारं उदाहरण मला पेरूमध्ये दिसतं. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेला पोचला ही घटना मी स्वतः फार वर चढवत नाही. १५०० मध्ये पोर्तुगीज काब्राल भारताकडे निघाला, वाऱ्याच्या सोयीने पश्चिमेला जास्तच वळला आणि ब्राझीलला जाऊन लागला. म्हणजे कोलंबस जन्मालाच आला नसता तरी आठ वर्षांचाच काय तो उशीर. पण स्पेनच्या पिझारोचं बघा. १६ नोव्हेंबर १५३२, काहामार्का. त्याच्याकडे १६८ माणसं. समोर अताहुआल्पा, इंका साम्राज्याचा धनी, हजारोंचं सैन्य बाळगून. संध्याकाळपर्यंत अताहुआल्पा कैदेत होता.

घोडे, पोलाद, तोफांचा धसका, सगळं खरं. पण ती वेळ बघा. काही वर्षांपूर्वी अताहुआल्पाचा बाप वाइना कापाक वारला होता, बहुधा देवीच्या रोगाने. युरोपातून आलेला रोग युरोपातल्या माणसांच्या आधी तिथे पोचला होता. मागे दोन मुलगे, ओआस्कार आणि अताहुआल्पा. दोघांत यादवी. तिने देश पोखरला, आणि अताहुआल्पा नुकताच जिंकून, अजून राजधानीतही न पोचता, वाटेत मुक्कामाला होता. पिझारो पाच-सात वर्षं आधी आला असता तर एकसंध साम्राज्याशी गाठ होती. पाच वर्षं उशिरा आला असता तर कदाचित सावरलेल्या, परक्यांबद्दल सावध झालेल्या राजाशी. तो आला ते नेमक्या त्या फटीतून. पुढे पोतोसीच्या डोंगरातली चांदी स्पेनमार्गे चीनपर्यंत गेली, तिचा उगम या एका संध्याकाळच्या वेळेत आहे.

हे सगळं भाचीला परत फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुझं उत्तर काय? पिझारो?"

नाही. माझं उत्तर ८ मे १९८०. त्या दिवशी जागतिक आरोग्य परिषदेने जाहीर केलं की देवीचा रोग पृथ्वीवरून गेला. एकट्या विसाव्या शतकात त्याने ३० कोटींच्या आसपास माणसं मारली असावीत असा अंदाज आहे. लस १७९६ पासून हातात होती, जेन्नरची. म्हणजे इथेही 'झालंच असतं कधीतरी' म्हणायला जागा आहे. शिवाय शीतयुद्धाच्या ऐन भरात रशिया आणि अमेरिकेने यात एकत्र काम केलं, हे तर मला आजही नवलाचं वाटतं. पण तारखा लावून बघा. जून १९८१ मध्ये एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद झाली. देवीच्या लशीत जिवंत विषाणू असतो. प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसाला ती टोचली तर लशीचाच विषाणू अंगभर पसरू शकतो, आणि एचआयव्ही, म्हणजे एड्सचा विषाणू, असलेल्या एका अमेरिकन जवानाच्या बाबतीत १९८४ मध्ये तसं झालंही. आता कल्पना करा, ही मोहीम पंधरा वर्षं रेंगाळली असती तर? ज्या देशांत देवी शेवटपर्यंत तळ ठोकून होती, त्यांतल्याच काहींत एचआयव्ही पसरायला लागलेला असता. कुणाला टोचायचं, कुणाला नाही, हे चाचणीशिवाय कळायचं नाही, आणि चाचणी खेड्यापाड्यांत पोचायची नाही. दार बंद व्हायच्या आत माणसं बाहेर पडली, आणि दार बंद होतंय हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

"पण हे घडलं नाही म्हणून मोठं, असं झालं," भाची म्हणाली. मी म्हटलं, हो, तेच तर. ती म्हणाली परीक्षकांना हे पटायचं नाही, ती आपली हाबरवरच बोलणार, फक्त 'कधी'चा मुद्दा माझा वापरणार. वापर म्हटलं.

मग तिला अली माओ मालिनची गोष्ट सांगितली. सोमालियातल्या मेर्का गावच्या रुग्णालयातला स्वयंपाकी. ऑक्टोबर १९७७ मध्ये देवीची दोन आजारी मुलं घेऊन एक गाडी आली, ड्रायव्हरला रस्ता ठाऊक नव्हता, म्हणून हा वाट दाखवायला आत बसला. काही मिनिटांचा प्रवास. तेवढ्यात लागण झाली. निसर्गतः देवी झालेला जगातला शेवटचा माणूस तो. वाचला. रुग्णालयात काम करूनही त्याने लस घेतलेली नव्हती, सुईला घाबरून चुकवली होती. पुढे तो पोलिओच्या मोहिमेत गावोगाव फिरायचा आणि लशीला नाही म्हणणाऱ्या आयांना हीच आपली फजिती सांगायचा. २०१३ मध्ये अशाच एका मोहिमेवर असताना मलेरियाने गेला.

भाची जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "वाट दाखवायला बसला?"

"हो."

"थांब, हे लिहून घेते."