भाजल्याने ग्लूटेन जळत नाही

‘ओव्हनच्या आचेत ग्लूटेन नष्ट होतं, म्हणून सिलिअ‍ॅक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) असलेल्यांना साधा केकही चालतो’ असा मेसेज फिरतो आहे. हे साफ चुकीचं आहे. ग्लूटेन हे गव्हातलं प्रथिन आहे. आचेने त्याची घडण बदलते, पण आतड्याला इजा करणारा भाग तसाच राहतो. ग्लूटेन-फ्री पदार्थासाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची, मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. एक ग्रॅम मैद्यात साधारण ८० मिलिग्रॅम असतं!

म्हणून बदामाच्या पिठाचा केक करतानाही भांड्याला मैदा भुरभुरवू नका. चाळणी वेगळीच हवी, जाळीत अडकलेला मैदा धुऊनही पुरता निघत नाही. बेकिंग पावडरचं लेबल वाचा, काहींत गव्हाचा स्टार्च असतो. आणि ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणत आग्रह तर कृपया करूच नका. वरून त्रास दिसला नाही, तरी आतड्याला इजा होऊ शकते.