मर्फीच्या पोटात ब्लूटूथ

आज संध्याकाळी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका दुकानात जुना मर्फी रेडिओ दिसला. कॅबिनेटला झकास पॉलिश, स्पीकरवर नवं कापड, आणि आत तळहाताएवढा ब्लूटूथचा बोर्ड. मूळ चॅसिस, म्हणजे सगळे भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा, शेजारी प्लॅस्टिकच्या खोक्यात उताणी पडलेली, तारा कटरने कापलेल्या. पाचही व्हॉल्व्ह, म्हणजे रेडिओ चालवणाऱ्या काचेच्या नळ्या, जागेवर होते. दुकानदाराचं म्हणणं एवढंच, "आता रेडिओ कोण ऐकतं? लोकांना लूक पाहिजे."

मर्फी. ज्याचा कारखाना ह्याच ठाण्यात होता. ओठावर बोट ठेवलेल्या त्या बाळाचं कॅलेंडर ज्यांच्या भिंतीवर होतं, त्यांच्याच गावात त्याच्या रेडिओचं पोट फाडून शोभेची पेटी विकायला ठेवली आहे.

आपण सगळे काय करतो? आकाशवाणीच्या धूनची क्लिप आली की ग्रुपवर फॉरवर्ड करतो. वॉल्टर कॉफमन ह्यांनी ती रचली हेही आता सगळ्यांना माहीत आहे. रेडिओवरच्या 'पुन्हा प्रपंच' ह्या मालिकेतले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत, म्हणजे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर, ह्यांची नावं निघाली की कमेंटमध्ये डोळे पाणावतात. आणि माळ्यावरचा रेडिओ? तो भंगारात. त्या आवाजांची आठवण काढायची आणि ते ज्या यंत्रातून आले ते किलोवर विकायचं, हे मला अजिबात पटत नाही.

कारण तो आवाज निम्मा त्या यंत्राचा होता. मिडियम वेव्हच्या सेटमध्ये आयएफ कॉइल, म्हणजे हवं ते स्टेशन वेगळं काढणाऱ्या गुंडाळ्या, साधारण ४ ते ५ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळं कापून टाकतात. तिखट, चिरका भाग गळतो आणि उरतो तो मुख्यतः माणसाच्या बोलण्याचा पट्टा. पुढे ईएल८४ सारखा एकच आउटपुट व्हॉल्व्ह, तीन-चार वॉट, कागदी कोनचा मोठा स्पीकर, लाकडी पेटी आणि पाठीमागे भोकं पाडलेला पुठ्ठा. श्रुतिका, म्हणजे रेडिओवरची नाटकं, ह्या जोडणीसाठीच बसवल्या जायच्या. दाराची कडी, कपबशी, जिन्यातली पावलं आणि बाकी सगळं संवादावर. 'वनिता मंडळ', 'गंमत जंमत', 'आपली आवड' ह्या कार्यक्रमांतला माणूस कानाशी बसून बोलतोय असं वाटायचं ते उगाच नाही.

आणखी एक. व्हॉल्व्ह तापायला वीस ते तीस सेकंद लागतात. आधी डायलचा दिवा लागतो, मग हळूच गुणगुण, मग मॅजिक आयचा, म्हणजे स्टेशन नीट लागलंय का ते दाखवणाऱ्या नळीचा, हिरवा डोळा उघडतो आणि स्टेशन बरोबर लागलं की त्याच्या पाकळ्या मिटत येतात. म्हणजे कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच घर तयार व्हायचं. पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये गीतरामायणाची ५६ गाणी आठवड्याला एक अशी वर्षभर वाजली. लोक आधी बटण फिरवून वाट बघत बसायचे. आता वाट बघायची गोष्टच संपली. असो, ह्या विषयावर लिहायला लागलो तर रात्र जाईल.

त्या खोक्यातल्या चॅसिसकडे परत येतो, कारण ती मेलेली नव्हती. व्हॉल्व्हचा नेहमीचाच संच: ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, ईएल८४ आणि रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) ईझेड८०. असले व्हॉल्व्ह आपल्याकडे बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्स बनवायची. व्हॉल्व्ह सहसा जात नाहीत. जातात ते कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे सुटे भाग. "आजोबांचा रेडिओ लावला आणि धूर आला" असं जे लोक सांगतात, त्यात बहुतेक वेळा दोष रेडिओचा नसतो, तीस वर्षांनी थेट प्लगमध्ये खुपसणाऱ्याचा असतो.

म्हणून माळ्यावरून सेट उतरवलात तर आधी प्लग लावू नका. मागचा पुठ्ठा काढा, धूळ मऊ ब्रशने झाडा, मेन्सची वायर बदला. जुनं रबर हातात चुरा होऊन येतं. मग व्हॉल्व्ह बघा. नावं 'ई'ने सुरू होत असतील आणि मोठा मेन्स ट्रान्सफॉर्मर दिसत असेल तर बरं. 'यू'ने सुरू होत असतील (यूसीएच८१, यूवाय८५ वगैरे) तर तो एसी/डीसी सेट. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चॅसिसच मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की अख्ख्या पत्र्यात २३० व्होल्ट. ह्याला नवख्याने हात लावायचा नाही, जाणकाराकडेच न्यायचा.

पहिल्यांदा सुरू करताना फेजच्या तारेत १०० वॉटचा बल्ब सीरिजमध्ये घाला. तारेचा जुना पिवळा बल्बच हवा, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

मंदावला तरी खूश होऊ नका. दोन जागा आहेत जिथे शंभरातले नव्याण्णव सेट अडतात. एक, फिल्टर कंडेन्सर, म्हणजे तो ॲल्युमिनियमचा डबा, बहुधा ५०+५० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्ट. आतलं रसायन सुकतं आणि स्पीकरमधून सतत 'हूंऽऽ' येतं. जुना डबा शोभेला राहू द्या, त्याच्या तारा सोडवा आणि खाली नवे ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन बसवा. दुसरी जागा जास्त घातकी: ईबीसी८१ आणि ईएल८४ च्या मधला, आवाजाचा सिग्नल पुढे देणारा कपलिंग कंडेन्सर. जुना कागदी असेल तर गळतो. गळला की ईएल८४ च्या ग्रिडवर (करंट ताब्यात ठेवणाऱ्या आतल्या जाळीवर) पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो, आवाज फाटतो आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. मल्टिमीटरची काळी पिन चॅसिसला, लाल ईएल८४ च्या २ नंबरच्या पिनवर. शून्याच्या आसपास हवं. एखादा व्होल्ट जरी दिसला तरी तो कंडेन्सर काढा आणि तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा पॉलिस्टर घाला. काही रुपयांची वस्तू. तेवढ्यासाठी माणसं सेट मोडीत काढतात!

आणि हो, बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये अडीचशे व्होल्ट बसून असतात. हात घालण्याआधी १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर दोन टोकांना काही सेकंद धरा, तोही इन्सुलेशनच्या पक्कडीने. मीटरवर शून्य बघा. मगच बोटं.

बाकी दुखणी किरकोळ. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल तर काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि बटण वीस वेळा पुढे-मागे. डायलचा काटा हलत नसेल तर दोरा सैल झालाय, ड्रमवरची स्प्रिंग बघा.

आता ब्लूटूथवाल्यांचं एक म्हणणं मान्य करतो, नाइलाजाने. जुन्या मिडियम वेव्हच्या सेटवर एफएम लागत नाही, त्यामुळे १०२.८ मेगाहर्ट्झवरची विविध भारती मर्फीवर कधीच येणार नाही. खरं आहे. पण म्हणून पोट फाडायचं? अशा बहुतेक सेटच्या पाठीमागे दोन भोकांचं सॉकेट असतं, 'पीयू' (पिक-अप) लिहिलेलं किंवा ग्रामोफोनचं चित्र असलेलं. ते रेकॉर्ड प्लेअरसाठी होतं. फोनच्या डाव्या आणि उजव्या तारेत एकेक १ किलोओहमचा रेझिस्टर घालून दोन्ही एकत्र करा, मध्ये छोटा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला आणि पीयूला जोडा. बॅण्ड स्विच ग्रामोफोनवर. झालं. फोनवरच्या जुन्या श्रुतिका त्याच व्हॉल्व्हमधून, त्याच स्पीकरवर वाजतील. एक तारही कापावी लागत नाही. (हे फक्त ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटला. 'यू' व्हॉल्व्हच्या सेटला फोन कधीही जोडू नका.)

हे त्या दुकानात कुणाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. कटर चालवायला पाच मिनिटं लागतात आणि हे करायला दोन संध्याकाळी, एवढाच फरक.

चिडून लिहितोय, पण ज्यांच्या घरी छोटा ट्रान्झिस्टर आहे त्यांच्यासाठी शांतपणे एक सांगतो. "ठाण्यात आता मिडियम वेव्हवर नुसती घरघर येते" ही तक्रार बरोबर आहे, पण दोष केंद्राचा नाही. आकाशवाणी मुंबईचे मिडियम वेव्हचे ट्रान्समीटर मालाडला, ठाण्याहून सरळ पश्चिमेला, मध्ये फक्त राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. घरघर येते ती घरातूनच. एलईडी बल्बचा ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर. सेल घालून ट्रान्झिस्टर लावा आणि मेन स्विच पाडा. घरघर गेली तर चोर घरात आहे. मग एकेक वस्तू सुरू करत जा, सापडेल.

शिवाय ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची कांडी (तीच त्याची एरियल) आडवी असते आणि ती टोकाच्या दिशेने ऐकत नाही, कुशीच्या दिशेने ऐकते. म्हणून ठाण्यात सेटची लांबी दक्षिणोत्तर ठेवा. वाशी-नेरुळला मालाड वायव्येला येतं, तिथे नैऋत्य-ईशान्य. खिडकीपाशी ठेवा, कारण आरसीसीच्या लोखंडी जाळ्यात मिडियम वेव्ह फार आत शिरत नाही. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर, संवादिता १०४४ वर. डायलवर मीटर (तरंगलांबी) छापलेले असतील तर अनुक्रमे साधारण ५३८ आणि २८७. आणि रोज ऐकणार नसाल तर सेल काढून ठेवा. पाझरलेल्या सेलने स्प्रिंगा खाल्लेले कितीतरी चांगले ट्रान्झिस्टर कचऱ्यात गेले आहेत.

कुणी म्हणेल, इतका खटाटोप करण्यापेक्षा फोनवर ऐकू. ऐका की. ऐकत नाही त्यापेक्षा ते कधीही चांगलं. पण मग निदान माळ्यावरचा सेट कापायला देऊ नका. नसेल जमत तर दुरुस्त करणाऱ्याला तसाच, अख्खा द्या.

ती नौपाड्यातली चॅसिस अजून डोळ्यासमोरून जात नाही. डायलची काच शाबूत आहे, गँग (स्टेशन बदलणारा कंडेन्सर) मोकळा फिरतोय, आयएफ कॉइलच्या डब्यांना कुणी स्क्रूड्रायव्हर लावलेला नाही. ज्यांच्याकडे मर्फीचं रिकामं कॅबिनेट पडलं असेल त्यांनी आतली लांबी, उंची आणि पुढच्या बटणांच्या भोकांमधलं अंतर मोजून मेसेज करा. उद्या सकाळी दुकान उघडलं की मी टेप घेऊन जातोय.