काहीही न विचारता खावे

ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेची कसोटी पाहण्यासाठी रोमन साम्राज्याला सिंह पाळावे लागले. पुण्यातील गृहनिर्माण संस्थेत तेच काम द्रोणभर शिऱ्यावर भागते. श्रावण लागला, की आमच्या इमारतीत सत्यनारायणाच्या पूजा सुरू होतात आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास बेल वाजली, की दारात कोणीतरी काकू उभ्या असतात. त्यांच्या हातातील झाकलेल्या ताटात सव्वाच्या मापाने रवा, साखर, तूप आणि दूध घालून केलेला, केळ्याच्या वासाने जिन्यापर्यंत आपली वर्दी आधीच देऊन ठेवणारा तो शिरा असतो. मी नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबातला आहे. आमच्या घराण्याचा बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या लोटल्या, पण नाकाचा बाप्तिस्मा अद्याप व्हायचा आहे.

दुसऱ्याच्या देवापुढे ठेवलेले अन्न ख्रिस्ती माणसाने खावे की नाही, हा पेच आपल्याच वाट्याला आला असे मी मानत नाही, कारण तो जवळजवळ दोन हजार वर्षांचा जुना आहे. इसवी सन 55 च्या सुमारास ग्रीसमधील करिंथ येथील ख्रिस्ती मंडळी याच प्रश्नावरून आपापसांत भांडत होती आणि येशूचा प्रेषित पौल याला त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय आणि दहाव्याचा मोठा भाग त्यावर खर्च करावा लागला. करिंथच्या उत्खननात अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेच्या देवळाला लागून जेवणाच्या खोल्या सापडल्या आहेत. म्हणजे देऊळ आणि मंगल कार्यालय एकाच आवारात असावे, तसा तो प्रकार होता. कोणा परिचिताने मेजवानीचे आमंत्रण दिले, तर ताटातील पदार्थ आधी कोणत्या देवापुढे जाऊन आला आहे, हे ओळखणे सोपे नसणार. पौलाने निकाल दिला तो मोठा समंजस आहे. अन्नामुळे आपण देवाच्या जवळही जात नाही आणि त्याच्यापासून दूरही होत नाही. तेव्हा बाजारात विकायला येते ते काहीही न विचारता खावे आणि कोणी जेवायला बोलावले, तर पुढे वाढलेलेही काहीही न विचारता खावे. मात्र ‘हे मूर्तीपुढे ठेवलेले आहे’ असे कोणी आपणहून सांगितले, तर सांगणाऱ्यासाठी म्हणून ते खाऊ नये.

या निकालात एकच अडचण आहे आणि ती अशी, की पौल करिंथला राहिला, इफिसला राहिला, रोमलाही गेला, पण पुण्याला आला नाही. महाराष्ट्रात प्रसाद मुक्याने देण्याची पद्धत नाही. बेल वाजते, दार अर्धे उघडते आणि मला काहीही न विचारण्याची संधी मिळण्याआधीच समोरून घोषणा होते, ‘सत्यनारायणाचा प्रसाद आहे हं, नाही म्हणायचं नाही.’ त्यामुळे पौलाच्या नियमाचा पहिला, खाण्याची मुभा देणारा भाग आमच्या मजल्यावर कधी लागूच होत नाही. मी बराच विचार करून असे ठरवले होते, की काकूंनी तोंड उघडण्यापूर्वी आपणच मोठ्याने ‘वा, शिरा!’ असे म्हणून ताट हातात घ्यावे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो शिराच राहील. परंतु काकूंचा वेग माझ्यापेक्षा अधिक आहे, आणि त्या एखाद्या दिवशी काही बोलल्या नाहीत, तरी वर ठेवलेले तुळशीचे पान बोलते. कचेरीत खंडेनवमीला संगणकांना हळदकुंकू लावून पेढे वाटतात, तेथे निदान संदिग्धतेला थोडा वाव असतो, कारण पेढा पूजेचा की साहेबांच्या बढतीचा हे गर्दीत कळत नाही. तिरुपतीच्या लाडवाला मात्र घोषणेची गरजच नसते. त्याची ओळख जगजाहीर आहे.

आमच्या घरात या विषयावर दोन पक्ष आहेत. नगरला राहणारी माझी मावशी कडक पक्षाची आहे. तिचा आवडता पुरुष बायबलमधला दानिएल, ज्याने बाबेलच्या राजाच्या ताटातले पक्वान्न नाकारून दहा दिवस शाकभाजी आणि पाण्यावर काढले आणि तरीही तो इतरांपेक्षा गुटगुटीत दिसला. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा पंधरावा अध्याय तिला तोंडपाठ आहे, कारण यरुशलेमेतील सभेने मूर्तींना वाहिलेले पदार्थ वर्ज्य करण्यास सांगितले ते तेथेच. एवढ्याने ऐकणारा नमला नाही, तर ती थेट बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, शिरून पर्गम आणि थुवतीरा येथील मंडळ्यांना याच बाबतीत मिळालेली ताकीद वाचून दाखवते, आणि त्यानंतर पेढा घशाखाली उतरवणे अवघड असते. दुसऱ्या पक्षात आमचे पाळकसाहेब आहेत. ते रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय काढतात, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये असे सांगतात, आणि स्वतः शिरा खाता की नाही असे विचारले, की घड्याळाकडे पाहतात.

आमच्या पूर्वसूरींचीही यातून सुटका झाली नव्हती. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, तरी अंडे घातलेले पुडिंग त्यांनी स्वीकारले नाही, आणि तेथील मठातील सिस्टर जेराल्डिन यांना तो जुन्या जातीच्या अभिमानाचा अवशेष वाटला. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, पण लक्ष्मीबाईंनी त्यानंतरही काही वर्षे आपले सोवळे निष्ठेने सांभाळले. या थोर व्यक्तींपुढे उभा राहून ‘मला शिऱ्याचा प्रश्न पडला आहे’ असे म्हणण्यास संकोच वाटतो. तथापि पडला आहे.

नकार देणे किती कठीण आहे, याची कल्पना बाहेरच्या माणसाला येणार नाही. आमच्या मंडळीतील एका गृहस्थांनी मधुमेहाची सबब सांगितली. दहा आज्ञांपैकी मूर्तिपूजेविरुद्धची दुसरी पाळण्यासाठी खोटेपणाविरुद्धची नववी मोडण्याचा हा व्यवहार मुळातच तोट्याचा होता, आणि शिवाय त्यांच्या शेजारीणबाई प्रेमळ निघाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या गृहस्थांच्या घरी रोज सकाळी कारल्याचा रस येऊ लागला आणि तो मूर्तीपुढे ठेवलेला नसल्यामुळे नाकारण्यास शास्त्राधार उरला नाही. मला स्वतःला असे वाटते, की पौलाचे लक्ष ताटापेक्षा ताट घेऊन आलेल्या माणसाकडे अधिक होते. करिंथच्या ज्या ज्ञानी मंडळींना ‘मूर्ती म्हणजे काहीच नव्हे’ हे पक्के समजले होते, त्यांचे म्हणणे त्याने खोडून काढले नाही. तुमच्या ज्ञानामुळे शेजारचा भाऊ ठेचकाळतो आहे, एवढेच त्याने त्यांना दाखवले. फक्त आमच्या मजल्यावर ठेचकाळण्याची शक्यता कोणाची आहे, हे नीट ठरत नाही. मी प्रसाद खाल्ला, तर मावशी ठेचकाळते आणि नाही खाल्ला, तर काकू.

शेवटी मार्ग काकूंनीच काढला. एका श्रावणात त्यांनी घोषणेच्या जागी वेगळेच वाक्य उच्चारले, ‘तुमच्या घरचा नैवेद्याच्या आधीच बाजूला काढून ठेवलाय बरं का.’ नैवेद्य दाखवण्यापूर्वी पातेल्यातून शिरा काढणे हा त्यांच्या घरी केवढा अधर्म आहे, हे मला ठाऊक असल्यामुळे मी काही क्षण बोलू शकलो नाही. जो गुंता पौलाने दोन अध्यायांत सोडवला, तो त्यांनी एका वेगळ्या डब्यात सोडवला होता. तो शिरा आम्ही सर्वांनी निर्धास्त मनाने खाल्ला, आणि खाऊन झाल्यावर माझी पत्नी म्हणाली, की प्रसादाच्या शिऱ्याची चव काही याला नाही. यावर मावशीचे मत घेण्याचे आम्ही टाळले.

मग 2024 चा नाताळ आला, आणि तो नेमका मार्गशीर्षात आला. काकूंच्या घरी तो महिनाभर अंडे वर्ज्य असते. मांस खाल्ल्याने भाऊ ठेचकाळत असेल, तर मी कधीच मांस खाणार नाही, असे पौल लिहून गेला आहे. त्याच्या मानाने अंडे सोडणे फार नव्हते, म्हणून पत्नीने दही घालून बिनअंड्याचा केक केला आणि करंज्या, चकल्या व शंकरपाळ्यांच्या फराळाबरोबर तो घेऊन मी शेजारी गेलो. दार काकूंच्या सासूबाईंनी उघडले. त्यांनी ताटाचे झाकण उचलून केक निरखला आणि विचारले, ‘देवाला दाखवलास का रे आधी?’ आमच्यात तशी रीत नाही, आम्ही जेवणापूर्वी प्रार्थना करून उपकार मानतो आणि खातो, असे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितले. आजींच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी खरीखुरी काळजी उमटली. ‘म्हणजे तसाच खाता?’ असे म्हणून त्या ताट घेऊन आत गेल्या, देवघरातील घंटा वाजली, आणि थोड्या वेळाने त्यांनी अर्धा केक आमच्याच ताटात घालून, वर तुळशीचे पान ठेवून, मोठ्या समाधानाने माझ्या हाती परत दिला.

येशूच्या जन्माप्रीत्यर्थ ख्रिस्ती स्वयंपाकघरात झालेला केक विष्णूच्या देवघरातून प्रसाद होऊन ख्रिस्ती घरी परतला, तर त्याचे काय करावे, याविषयी करिंथकरांस दोन्ही पत्रांत एक अक्षर नाही. मी जिन्यातच तुळशीचे पान उचलून शर्टाच्या खिशात ठेवले. घरात मावशी नाताळसाठी आलेली होती आणि टेबलाशी चहा घेत बसली होती. तिने ताटाकडे पाहिले आणि विचारले, ‘आपलाच केक ना हा?’

‘आपलाच,’ मी म्हणालो.

मावशीने माझ्या खिशाकडे एकदा पाहिले, सुरी मागितली आणि पुढे काहीही न विचारता मोठा तुकडा कापून घेतला.