वेबसाइटवर कार्ड पेमेंट घेताय? वा! आता कागद गोळा करा

फराळाचा, मसाल्याचा, पापड-कुरडयांचा घरगुती धंदा आहे? गिऱ्हाईक फोन करतं, जीपे करतं, डबा घेऊन जातं, तुमचं छान चाललंय? मग इतकं सुखात राहणं बरं नव्हे. लगेच वेबसाइट काढा आणि तिच्यावर क्रेडिट कार्डाची सोय करा. मी गणपतीत केली, डोंबिवलीतल्या दोन खोल्यांतून, तर आता अनुभवाचे चार बोल ऐकाच.

पहिलं म्हणजे पेमेंट कंपनीच्या, म्हणजे कार्डाचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेऊन तुमच्या बँकेत टाकणाऱ्या कंपनीच्या, जाहिरातीवर डोळे मिटून विश्वास ठेवा. '५ मिनिटांत पेमेंट सुरू' हे अगदी खरं आहे. गिऱ्हाइकाकडून घेणं पाच मिनिटांत सुरू होतं. तुम्हाला देणं कधी सुरू होतं ते जाहिरातीत नसतं, पण कशाला उगाच खोलात जायचं.

लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर फारच उत्तम. माझं आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, आणि बँकेत सासरचंच पण इंग्रजीत एक 'ए' जास्त. कंपनी तुमच्या खात्यात १ रुपया टाकून नाव पडताळते. रुपया येतो, नाव जुळत नाही, परत फॉर्म भरा, परत रुपया. (ते ३ रुपये मी परत केलेले नाहीत.)

मग साइटवर अटी-शर्ती, प्रायव्हसी, रिफंड, शिपिंग अशी पानं लागतात, नाहीतर अर्ज रिजेक्ट. ती दुसऱ्याच्या साइटवरून ढापा, सगळे ढापतात. माझ्या भाच्याने ढापली आणि पार दसऱ्यापर्यंत माझ्या साइटवर लिहिलेलं होतं की चकलीच्या भाजणीवरून काही वाद झाला तर तो अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या कोर्टात चालेल. कोणी वाचलं नाही. ज्यांनी ती पानं मागितली त्यांनी तर नाहीच नाही.

हिशोब करू नका, त्रास होतो. ८५० च्या डब्यावर २ टक्के कमिशन म्हणजे १७ रुपये गेले. तेच ८५० भिंतीवरच्या क्यूआरवर आले तर अख्खे येतात, यूपीआयला २०२० पासून एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून कापायचं कमिशन, नाहीये. पण गिऱ्हाइकाला कार्डावर पॉइंट मिळतात ना, मग झालं. ऑर्डर कॅन्सल झाली तर ८५० परत द्यायचे, कमिशन मात्र परत मागायचं नाही, निदान माझ्या कंपनीत तरी.

एखादे काका फोन करून म्हणतील, "मला ते वेबसाइटचं जमत नाही, तू लिहून घे." आणि कार्डाचे सोळा आकडे, मागचे तीन, वर ओटीपीसुद्धा खणखणीत आवाजात सांगायला लागतील. कानात बोटं घाला. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराने कार्डाचा नंबर साठवायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि माझ्याकडे तर तो किराण्याच्या यादीखाली लिहिला गेला असता.

'ताई, पैसे कट झाले पण ऑर्डर दिसत नाहीये' हे वाक्य पाठ करून ठेवा, रात्री साडेअकराला ऐकायचंय.

आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: धंदा वाढू देऊ नका. माझी चूक तीच झाली. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ऑर्डरी धडाधड आल्या, १,१२,४०० रुपयांच्या, आणि वसुबारसेला मेल आला की तुमच्या व्यवहारांत असामान्य वाढ दिसत असल्याने सेटलमेंट, म्हणजे माझे पैसे माझ्या खात्यात टाकणं, तूर्त थांबवण्यात येत आहे. दिवाळीत फराळ खपला हे असामान्य! मग काय मला श्रावणात अनारसे विकायचे होते? त्यांना हवं काय तर तीन महिन्यांची बिलं, कच्च्या मालाची खरेदी, एफएसएसएआयचं, म्हणजे खाद्यपदार्थ विकायच्या परवानगीचं, सर्टिफिकेट जे मी पहिल्याच दिवशी अपलोड केलं होतं, जीएसटी नाही तर जीएसटी नसल्याचं डिक्लेरेशन, आणि दुकानाचा फोटो ज्यात पाटी दिसली पाहिजे. अहो स्वयंपाकघराला कसली पाटी? शेवटी ए-फोर कागदावर नाव छापून फ्लॅटच्या दाराला चिकटवलं, फोटो काढला, तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी वर आले, की वहिनी, घरात धंदा काढलात वाटतं. फोटो पाठवला तर उत्तर आलं 'इमेज अस्पष्ट आहे'. फोन लावला तर चॅट करा, चॅट केलं तर तिथे बॉट, बॉटला लिहिलं माझे पैसे द्या, तर तो म्हणतो खालीलपैकी पर्याय निवडा, आणि त्या पर्यायांत 'माझे पैसे द्या' हा पर्याय नाही. तक्रारीचं तिकीट टाकलं, दोन दिवसांनी आपोआप बंद. वर मेल, आमच्या सेवेला किती स्टार द्याल?

इकडे चकल्या पाडायला तीन बायका येत होत्या माझ्याकडे. त्यांची दिवाळी माझ्या पैशांवर. वाण्याची उधारी वेगळी. मी मंगळसूत्र नाही ठेवलं गहाण, पण एफडी मोडली.

आता सल्ले-बिल्ले बास. कंपनीवाल्यांनो, कागद हवेत ना तुम्हाला? मागा की. पहिल्या दिवशी मागा, गिऱ्हाइकाचा एक रुपया घ्यायच्या आधी मागा, एकदाच सगळी यादी द्या, मी रात्र जागून देईन. तेव्हा तुम्हाला घाई, 'व्हेरिफाइड' म्हणून हिरवी टिकली लावून मोकळे. दोन महिने गप्प बसलात. लाखभर जमले आणि मग तुम्हाला माझ्या दाराची पाटी आठवली? मी चोर वाटत असेन तर पैसे घेतलेच कशाला माझ्या नावावर? आणि माणूस ठेवा फोनवर, एक माणूस, ज्याला फराळ म्हणजे काय ते माहितीये. लाज वाटली पाहिजे.

पैसे परवा आले, तुळशीचं लग्न लागून गेल्यावर. १,१०,१५२. कमिशन मात्र प्रत्येक ऑर्डरच्या वेळी, त्याच मिनिटाला कापलेलं होतं.