फ्लेक गंजत नाही, गंजतो तो पत्रा

पावसाळा तोंडावर आला की गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. यंदा एकाच आठवड्यात तो मला तिघांनी पाठवला. त्यातला एक तर माझंच गिऱ्हाईक, नुकतीच बुलेटची टाकी रंगवून घेऊन गेलेलं. मेसेज असा: 'ठाणे-नवी मुंबईत फ्लेक किंवा पर्ल मारून घेऊ नका. त्यात लोखंडाचा भुगा असतो, खाडीच्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजतो. उन्हात रंग उडतो. गाडी तापते, सेन्सर बंद पडतात. खरं तर ती स्टेशनरीच्या दुकानातली चमकीच असते, पेंटर हजारो उकळतो. एक ओरखडा आला की अख्खा भाग रंगवावा लागतो. आणि आरटीओ गाडी जप्त करतं.' खाली जोडलेले हात.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गाड्या रंगवायची गन धरतो, चौदा वर्षं झाली. फ्लेक म्हणजे मेटल फ्लेक, रंगातली दाणेदार चमचम; पर्ल म्हणजे मोत्यासारखी झाक. मेसेजमधलं सगळंच खोटं आहे असं म्हणणार नाही. पण जे खरं आहे त्याचंही खापर भलत्याच्याच डोक्यावर फोडलंय.

आधी तो लोखंडाचा भुगा. फ्लेकमध्ये लोखंड नसतंच. पॉलिएस्टरची पातळ फिल्म, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा अगदी बारीक थर, त्यावर रंगीत इपॉक्सी, आणि मग या सगळ्याचे कापलेले षटकोनी तुकडे. नावात मेटल असलं तरी चिमटीत घेतलं तर प्लास्टिकच. कंपनीतून येणाऱ्या सिल्व्हर आणि ग्रे गाड्यांच्या रंगात मात्र खरे अ‍ॅल्युमिनियमचे कण असतात, पिठासारखे बारीक. त्या गाड्या आपल्या हवेत वर्षानुवर्षं उभ्या असतात, कुणाच्या सिल्व्हर रंगाला तांबेरा चढल्याचं पाहिलंय? अ‍ॅल्युमिनियम मिठाच्या हवेत उघडं पडलं तर पांढुरकं होतं, पण त्यासाठी ते आधी उघडं पडावं लागतं.

पर्लमध्ये तर धातूचा कणही नाही. ते अभ्रक. अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवतात. थर चाळीस ते साठ नॅनोमीटरचा असला की पापुद्रा रुपेरी दिसतो, जाडी वाढवत नेली की पिवळा, लाल, निळा आणि शेवटी हिरवा. त्यात रंग म्हणून काही घातलेलं नसतं. पावसात तीन हात नाक्यावर सांडलेल्या ऑइलवर जे रंग पसरतात, तोच खेळ. म्हणून तोच पर्ल काळ्या बेसवर, म्हणजे खालच्या रंगावर, झगझगीत निळा मारतो आणि पांढऱ्यावर जेमतेम कळतो. गिऱ्हाईक पांढऱ्या कार्डावर शेड बघून काळ्या गाडीसाठी ऑर्डर देतं आणि मग भांडायला येतं, ते यामुळेच. अभ्रकाच्या आधी ही झाक माशांच्या खवल्यांतून काढत. खवल्यांत ग्वानिनचे स्फटिक असतात, चमक त्यांची. चेंदणी कोळीवाड्यातल्या माझ्या एका मित्राला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'म्हणजे आमच्या आया रोज मोरीत पर्ल धुऊन टाकतात!'

मग गंज येतो कुठून? पत्र्यातून. घोडबंदर रोडवर डंपरच्या मागे राहिलात आणि खडी उडून बॉनेटला टिकली बसली, की वरचं पारदर्शक क्लिअर, बेस, प्रायमर सगळं भेदून पत्रा उघडा पडतो. किंवा पेंटरने पुट्टी पाण्याच्या पेपरने घासली आणि नीट वाळू न देताच प्रायमर मारला. पुट्टी स्पंजासारखं पाणी धरते, सहा महिन्यांनी फोड येतो, वर्षाने फोडाखाली गंज. हे साध्या लाल रंगाखालीही होतं. फ्लेकखाली झालं की नाव फ्लेकचं, कारण पैसे त्याचे मोजलेले असतात.

यात माझेही हात बरबटलेत. पहिली फ्लेकची टाकी मी जुलैत मारली. गिऱ्हाइकाला गणपतीआधी हवी होती, रंगवायचा बंद बूथ नव्हता, पत्र्याच्या शेडमध्ये एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ तिथेच धरते. सकाळी टाकीवर ताकासारखी पांढरट साय. मी वरून पॉलिश करून दिली. दिवाळीपर्यंत निस्तेज झाली आणि तो माणूस आजही सांगत फिरतो की फ्लेक आपल्या हवेला चालत नाही. हवेला चालत नव्हतं ते माझं लॅकर.

आता चमकीचं. याचा मला खरा राग आहे, कारण हे ऐकून लोक स्वतः चमकीचे प्रयोग करतात. स्टेशनरीच्या दुकानातली चमकीही प्लास्टिकचीच, पण तिचा रंग थिनर आणि टू-के (हार्डनर मिसळलेलं) क्लिअर सोसेल असा केलेला नसतो. कपात घातली की तासाभरात सोनेरी चमकी रुपेरी होते आणि क्लिअर पिवळं. काही तर कडेने वळतात, पापडासारख्या. गाडीसाठीच्या फ्लेकवरचं इपॉक्सी नेमकं हे सोसतं. फ्लेकचे पैसे त्याचेच.

आणि पेंटरचे हजारो कुठे जातात? मजुरीत आणि क्लिअरमध्ये. हिशोबच सांगतो. नेहमी वापरतात तो फ्लेक आठ हजारांश इंचाचा, म्हणजे सुमारे 200 मायक्रॉन. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. कंपनीच्या गाडीवरचं क्लिअर चाळीस-पन्नास मायक्रॉनचं. मारलेल्या फ्लेकचे तुकडे सगळे काही सपाट झोपत नाहीत. कुणी आडवा, कुणी तिरपा, कुणाचा कोपरा वर. चाळीस मायक्रॉनच्या चादरीखाली हे झाकणार कसे? म्हणून दोन-तीन हात क्लिअर, वाळवा, सहाशे नंबरचा पेपर हलका, पुन्हा क्लिअर, मग पंधराशे-दोन हजार नंबरचा पेपर आणि पॉलिश. घाईत पहिल्याच फेरीत जोरात पेपर मारला की फ्लेकची डोकी कापली जातात. वरचं रंगीत इपॉक्सी निघून जातं, अ‍ॅल्युमिनियम उघडं पडतं आणि लाल टाकीवर रुपेरी पुरळ उठतं. हीच ती मिठाच्या हवेत पांढुरकी पडणारी जागा. मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक अशीच एखादी टाकी पाहिली असेल.

गनही वेगळी लागते. क्लिअरच्या 1.3 मिलिमीटरच्या नोझलमधून 200 मायक्रॉनचा फ्लेक अडखळत येतो, मी 2.0 लावतो आणि जाळी काढून ठेवतो. कपात दोन छर्रे टाकतो आणि गन हलवत राहतो, नाहीतर फ्लेक तळाशी बसतो आणि टाकीची एक बाजू दिवाळी, दुसरी अमावास्या.

उन्हात रंग उडण्याची तक्रार निम्मी खरी, पण आरोपी दुसराच. फ्लेकवर बहुतेक वेळा कँडी मारलेली असते, म्हणजे पारदर्शक रंग. कँडीतली डाय उन्हाला हळवी असते, आणि सगळ्यात आधी उडते तीच. रंगीत फ्लेकवरची डायही काळाने फिकी पडते. अभ्रक आणि टायटॅनियम डायऑक्साइड उन्हाला दाद देत नाहीत, सिल्व्हर फ्लेकही नाही. गाडी वाशीच्या उघड्या पार्किंगमध्ये दिवसभर उभी राहणार असेल तर मी सांगतो, कँडी विसरा. सिल्व्हर फ्लेक किंवा पर्ल घ्या आणि वर यूव्ही शोषणारं चांगलं क्लिअर.

गाडी तापण्याचं उत्तर एका वाक्यात संपतं: काळी गाडी तापते, पांढरी कमी तापते, फ्लेक असो वा नसो.

सेन्सरचं मात्र ऐकून घ्या. नव्या गाड्यांत बंपरमागे किंवा लोगोमागे रडार असतं, समोरच्या गाडीपासून अंतर राखणारं. त्याच्या लहरींना अ‍ॅल्युमिनियम अडवतं. म्हणून तिथे दाट फ्लेक मारायला मी सरळ नाही म्हणतो. अभ्रकाच्या पर्लचा तसा त्रास नाही. पार्किंग सेन्सरच्या बटणांवरही जाड थर नको, ती थरथरूनच काम करतात. लॉरी आणि बुलेटवाल्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

आरटीओचं. गाडीचा रंग आरसीवर लिहिलेला असतो. लाल गाडी निळी केली तर ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या आरटीओत, जिथली तुमची नोंदणी असेल तिथे बदल नोंदवून घ्यायचा. विम्यावाल्यालाही कळवायचं, नाहीतर क्लेमच्या वेळी तो बोट दाखवतो. फ्लेक किंवा पर्ल आहे म्हणून वेगळी बंदी नाही. बंदी आहे ती ऑलिव्ह ग्रीनवर. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. पर्ल घालून आणला तरी नाहीच.

उरला ओरखडा. इथे मेसेजवाला बरोबर आहे. साध्या रंगाला टच-अप होतो, मेटॅलिक निदान शेजारच्या भागात विरवत नेता येतो. फ्लेकमध्ये ठिगळ लपत नाही. तुकड्यांची दाटी, कल, खालचा बेस, वरच्या कँडीचे किती हात, यातलं एक चुकलं तरी उन्हात नेल्यावर डाग उठून दिसतो. दरवाजावर ओरखडा क्लिअरमध्येच थांबला असेल तर घासून जातो, आणि इथे ते जाड क्लिअर कामाला येतं. खाली फ्लेकपर्यंत गेला तर तो दरवाजा पूर्ण करावा लागतो, कँडी असेल तर शेजारचाही. म्हणून रोज ऐरोलीच्या पुलावरून ऑफिसला जाणाऱ्या गाडीवर मी पूर्ण फ्लेक सुचवत नाही. छप्पर, टाकी, हेल्मेट, जिथे कुणी घासून जात नाही अशा जागा सुचवतो.

आणि प्रत्येक कामाचं एक कार्ड त्याच गनने, त्याच दिवशी मारून ठेवतो. मागे बेस, फ्लेकची मापं, कँडीचे हात, सगळं पेनाने. उरलेला फ्लेक जामच्या बाटलीत, वर गाडीचा नंबर. तीन वर्षांपूर्वीची एक एमएच 43 परवा मडगार्ड ठोकून आली, बाटली काढली, अजून दोन चमचे शिल्लक होता.